मान कोणाचा, उत्सव कोणाचा? : जुन्नर परिसरातील सणांचा एक इतिहास

कल्याणहून माळशेज घाट चढून आले की मढ, उदापूर, ओतूर अशी गावे मागे टाकीत रस्ता पिंपरी पेंढारला येतो आणि पुढे आळेफाट्याकडे निघून जातो. ह्या पट्ट्यातील पुष्कळ मुले-मुली आमच्या वर्गांत मराठी शिकण्यासाठी येतात. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही त्यांना दरवर्षी एक प्रकल्प देत असू. आपल्या गावातील वर्षभराचे सण लिहून काढायचे. वहीत तीन रकाने असत : सणाचे नाव, तिथी आणि मान कोणाचा. मान म्हणजे पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, वाजविणारे कोण, दिवटी धरणारे कोण. वह्या बहुधा सारख्याच येत. आम्ही त्या तपासत असू आणि वर्गात ‘समन्वय’ ह्या विषयावर एक व्याख्यान देत असू.

एका वर्षी एका विद्यार्थ्याने त्या तीन रकान्यांपुढे आपल्या हाताने चौथा आखला. वर लिहिले होते : ‘कोण येत नाही’. काही सणांपुढे तो रिकामा होता, काहींपुढे भरलेला. एके ठिकाणी त्याने स्वतःच्याच घराचे नाव लिहिले होते आणि कंसात ‘आजोबांच्या वेळेपासून’ अशी नोंद केली होती. त्या वहीला आम्ही चांगले गुण दिले, परंतु त्या वर्षीचे समन्वयावरील व्याख्यान आम्हांस नेहमीच्या सफाईने देता आले नाही. अनेक धर्मांच्या, अनेक जातींच्या देशात सण हे ऐक्याचे साधन आहेत, असे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. ते खोटे नाही. पण ते ऐक्य कसे घडले, कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि त्यातून कोण, केव्हा व का बाहेर पडले, हे विचारल्यावाचून ते पुरतेपणी खरेही ठरत नाही. प्रस्तुत लेख हा त्या चौथ्या रकान्याला उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे.

आरंभ दूरच्या काळापासून करावा लागेल, कारण ह्या परिसराची बहुविधता काल-परवाची नाही. कोकणातून जुन्नरकडे येणारी प्राचीन वाट नाणेघाटातून येत असे. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केलेले आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या दक्षिणेची यादी येते. राजघराण्याने केलेल्या महोत्सवांचा हा जमाखर्चच म्हणावा लागेल.

ह्याच वाटेने खाली उतरून जुन्नरला यावे तर डोंगराडोंगरांत बौद्ध लेणी कोरलेली दिसतात : लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका सोनाराच्या मुलाने, सुलसदत्ताने, दान दिल्याचे तेथील लेख सांगतो. जुन्नरच्या लेखांत यवन म्हणविणारे तीन दातेही भेटतात. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने गर्भद्वार करवून घेतले. राजा यज्ञ करतो, व्यापारी विहाराला दान देतो आणि परदेशी मूळ सांगणारा माणूस भिक्षूंच्या जेवणाची सोय करतो. ह्या तिन्ही गोष्टी एकाच घाटवाटेच्या आसऱ्याने घडल्या. ह्याला आपण सहिष्णुता म्हणतो. तिच्या मुळाशी व्यापार होता, जकात होती आणि पावसाळ्यात भिक्षूंना एका जागी राहावे लागे ही वर्षावासाची निकडही होती. उदात्त गोष्टींच्या मुळाशी व्यवहार असणे हे काही त्यांचे उणेपण नव्हे.

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे. हे लेणे म्हणजे मुळात बौद्ध विहार. मधे खांबांविना प्रशस्त दालन आणि भोवती भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या. अष्टविनायकांच्या यात्रेला येणारी कुटुंबे भाद्रपदात आणि माघात चतुर्थीला येथे गर्दी करतात. त्याच पायऱ्या चढून बौद्ध कुटुंबेही येतात व त्या रिकाम्या खोल्यांपुढे थांबतात. एकाच दगडी दालनात दोन माणसे दोन वेगळी स्थाने पाहत असतात. विहार ओस पडल्यावर तेथे नवी श्रद्धा वस्तीला आली, हे भारतात अनेक ठिकाणी घडले आहे. पूर्वी आम्ही ह्याला सरळ ‘समन्वयाचे उदाहरण’ म्हणत असू. आता असे म्हणावेसे वाटते की, पहिला रहिवासी निघून गेल्यानंतर दुसऱ्याने घर वापरणे आणि दोघांनी एका घरात राहणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर इतिहासाने तरी पुसू नये.

मध्ययुगात जुन्नर हे निजामशाहीच्या उदयाचे ठिकाण. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन आपले राज्य उभारले ते ह्या भागात पाय रोवूनच. पुढे १४९४ मध्ये त्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसविले. ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, त्या गडावर शिवाईदेवीचे ठाणे आहे, तशीच कमानी मशीदही आहे. मालोजीराजांना पुत्र झाले ते अहमदनगरच्या शाह शरीफ ह्या पिराच्या कृपेने आणि म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली गेली, ही परंपरा प्रसिद्ध आहे. ज्याचे नाव पिरावरून, त्याच्या मुलाचे नाव शिवाईवरून, असे ही परंपरा सांगते. एका कुटुंबातील दोन पिढ्यांच्या नावांत ह्या प्रदेशाचा धार्मिक इतिहास सामावला आहे आणि त्यात त्या काळच्या कोणालाही विसंगती वाटलेली दिसत नाही.

वारकरी परंपरेच्या खुणाही ह्याच रस्त्यावर आहेत. ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे मंदिर आणि तुकाराममहाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. श्रावणी सोमवारी तेथे यात्रा भरते आणि तांदळाच्या पिंडी पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. पिंपरी पेंढारच्या पुढे थोड्याच अंतरावर आळे. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदविले अशी कथा आहे, त्याची समाधी तेथे दाखविली जाते. तिची यात्रा भरते, पालखी पंढरपूरला जाते. वेदाचा अधिकार जन्माने मिळतो हे नाकारणारी कथा एका मुक्या जनावराच्या रूपाने गावाने जपून ठेवली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परंतु ज्या गावांनी ही कथा जपली, त्यांच्याच वेशीच्या आत-बाहेरची रचना मात्र जन्मानेच ठरत होती. कीर्तनात मान्य झालेली समता पंगतीपर्यंत पोचावयास शतके लागली.

ही रचना समजून घ्यावयाची तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) ह्या ग्रंथाकडे वळावे लागते. अलुते-बलुतेदारांचे जे तपशील आत्र्यांनी दिले आहेत, त्यांवरून गावचा उत्सव ही एक श्रमविभागणी होती हे ध्यानात येते. देवळाची झाडलोट व पूजा गुरवाची. मडकी कुंभाराची. पायघड्या परटाच्या. हलगी मांगाची. वेशीवरची आणि दवंडीची कामे महाराची. नवसाचा बकरा कापावयास लागे तो मुलाणी, आणि हाच मुलाणी मशिदीचीही व्यवस्था पाही. मुसलमान बलुतेदारावाचून हिंदू देवीची जत्रा पुरी होत नसे. मोहरमात ताबूत निघत त्यांत मराठे, माळी, कुणबी नवस फेडीत. सवाऱ्यांपुढे पाणी ओतीत. इतके सर्वसमावेशक चित्र आज पाहिले की मन भारावते.

पण त्या मानाच्या यादीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. त्यात प्रत्येकाला जागा होती आणि ती जागा सोडण्याची मुभा नव्हती. हलगी वाजविणाऱ्याला वाजविण्याचा मान होता. तीच हलगी खाली ठेवून देवळाच्या गाभाऱ्यात जाण्याचा नव्हता. सहभाग आणि समता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या सणांविषयीच्या बहुतेक गौरवपर लेखनात पहिलीचे वर्णन करून दुसरीचे श्रेय घेतलेले असते. आम्हीही वर्गात नेमके हेच करीत आलो होतो.

एकोणिसाव्या शतकात ह्या व्यवस्थेला तीन दिशांनी तडे गेले. त्यांतला पहिला ह्याच परिसरात पडला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचे जुन्नर तालुक्यातील बळ मोठे होते. १८८०च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न ब्राह्मण पुरोहितावाचून लावले. ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा केला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर यजमानांच्या बाजूने निर्णय झाला. विधीला कोण हवे हे ठरविण्याचा अधिकार विधी करणाऱ्याचा, वतनदाराचा नव्हे, हे एका खेड्यातील शेतकऱ्याने न्यायालयात सिद्ध करून घेतले. सणाच्या मानाची यादी देवाने लिहिलेली नसून माणसांनी लिहिली आहे आणि म्हणून ती बदलता येते, हा त्या निर्णयाचा खरा अर्थ. सत्यशोधकांनी पुढे तमाशाचाच साचा घेऊन आपले जलसे उभे केले आणि ह्या विचाराचा प्रचार जत्रांतूनच केला, हेही येथे नोंदवावयास हवे.

दुसरा तडा पुण्या-मुंबईकडून आला. १८९३च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. त्यानंतर सार्वजनिक गणेशोत्सवाला जे व्यापक रूप आले, त्यात लोकमान्य टिळकांचे नेतृत्व होते. हिंदूंनी मोहरमात भाग घेऊ नये, असा प्रचार त्या काळी पुण्यात झाला आणि १८९४च्या मोहरमात तो परिणामकारकही ठरला. नव्या गणेशोत्सवातील मेळ्यांच्या पथकांवर मोहरमच्या मिरवणुकांची छाप होती, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. उत्सवाचे बाह्यरूप उचलले गेले आणि ज्याच्याकडून ते उचलले तो शेजारी बाजूला राहिला. १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला. ह्या उत्सवांनी पारतंत्र्यात समाजाला एकत्र आणले, निर्भय केले, हे निर्विवाद आहे. पण ‘समाज’ ह्या शब्दाची व्याप्तीही त्यांनी नव्याने आखली. खेड्यांतील ताबूत लगेच थांबले नाहीत. कितीतरी गावांत ते चालत राहिले, काही ठिकाणी आजही चालतात. मात्र जे पूर्वी सहज घडत होते, ते आता कोणीतरी जाणूनबुजून टिकवावे लागू लागले.

तिसरा तडा हा नकाराचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाला विरोध केला. गावकीची हलकी कामे सोडण्याचे आवाहन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले. त्यानंतर कनिष्ठ ग्रामवतने कायद्यानेही रद्द झाली. गावोगाव असंख्य कुटुंबांनी जत्रेतला आपला ‘मान’ परत केला. आमच्या विद्यार्थ्याने कंसात लिहिलेले ‘आजोबांच्या वेळेपासून’ हे त्या इतिहासाचे शब्द होते. गावातील वृद्ध माणसे कधी हळहळून सांगतात की पूर्वी सारा गाव एक होता, आता जत्रेला ती शोभा राहिली नाही. त्यांची हळहळ खोटी नसते. पण ज्यांनी तो मान सोडला, त्यांच्या घरी ती आठवण सुटकेची म्हणून सांगितली जाते. एकाच घटनेची ही दोन कथने आहेत. आपण साहित्याचे अध्यापक एरवी निवेदकाचा दृष्टिकोन इतक्या बारकाईने शिकवतो, मग सणांच्या बाबतीत एकाच निवेदकावर विसंबून का राहतो?

ह्या भागात गावजत्रांचा हंगाम चैत्र-वैशाखात येतो आणि १४ एप्रिल ही तारीख त्याच हंगामात पडते. ज्या रस्त्याने पालखी जाते, त्याच रस्त्याने भीमजयंतीची मिरवणूक जाते. गावाच्या दिनदर्शिकेत ही भर विसाव्या शतकाने घातली. आमच्या मते ती अष्टविनायकांच्या चतुर्थीइतकीच आता ह्या मातीची आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे सण आणखी वेगळे. वसुबारसेच्या दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, ते वाघबारस पाळतात. गुराखी शिवारातल्या वाघोबाला नैवेद्य दाखवितात आणि गुरांना, माणसांना सांभाळ असे मागणे मागतात. खाली सपाटीवर कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी ऊस आणला आणि उसात बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारण केंद्र उभारावे लागले. माणसांचे बळी गेलेल्या ह्या मुलखात वाघबारस हा अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय उरलेला नाही. ज्यांना आपण ‘आदिम’ म्हणून पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात बसवितो, त्यांनी शेजारी राहणाऱ्या धोक्याशी कसे वागावे ह्याचा विचार सणाच्या रूपाने फार पूर्वी करून ठेवला होता.

जत्रेची आणखी दोन अंगे सांगितली पाहिजेत. एक बैलगाडा शर्यत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांतले घाट मधली वर्षे मुके होते. जनावराचे हाल हा प्रश्न खरा आहे आणि शेतकऱ्याचे बैलावरील प्रेम हेही खरे आहे. परंपरा आहे म्हणून ती आपोआप योग्य ठरत नाही आणि जुनी आहे म्हणून त्याज्यही ठरत नाही, हे न्यायालयातील त्या दीर्घ वादाने सर्वांना शिकविले.

दुसरे अंग तमाशाचे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास येतात. येथल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या आयुष्याची अखेर हलाखीत गेल्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. ज्या कलेवाचून जत्रा पुरी होत नाही, ती कला जगविणाऱ्या जातींना आणि स्त्रियांना गावाने टाळ्या दिल्या, घर दिले नाही. मानाच्या यादीचा हाही एक रकानाच.

आता शेवटचा आणि आजचा प्रश्न. आपल्या गावांच्या माथ्यावर चंद्र एकच आहे, पण पंचांगे दोन आहेत. हिंदू पंचांगात सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून चांद्रवर्षाची ऋतूंशी सांगड घातली जाते. हिजरी वर्षात तशी सोय नाही. त्यामुळे त्याचे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण तेहतीस वर्षांत ऋतुचक्राची एक फेरी पुरी करतात. मोहरम आणि गणेशोत्सव १९८०च्या दशकाच्या मध्यावर एकत्र आले होते, ते पुन्हा २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये आले. ही गाठ कोणाच्या इच्छेने पडत नाही. ती गणिताने पडते. ती सोडवायची मात्र माणसांनी असते.

२०२३ मध्ये अशा दोन गाठी पडल्या. २९ जून रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा अनेक ठिकाणी ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्यात आली. २०२४ मध्येही मिरवणूक पुढे ढकलली गेली. ही समजूत मोठी आहे आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. तरीही चौथ्या रकान्याने आम्हांस एक सवय लावली आहे. प्रत्येक वेळी मागे सरले कोण, हे पाहण्याची. जे मागे सरले त्यांनी ते आनंदाने केले असेल. पण पुढच्या फेरीत पाळी बदलू शकते, असा विश्वास त्यांना वाटतो का? शेजारधर्म दोन्ही बाजूंनी पाळला जातो तेव्हाच त्याला धर्म म्हणता येते.

ह्या सगळ्यातून आम्ही काही मोठा सिद्धांत मांडू इच्छित नाही. नाणेघाटाच्या लेखापासून २०२४च्या मिरवणुकीपर्यंत ह्या वाटेवर अनेक श्रद्धा एकमेकींशेजारी नांदल्या, हे सत्य आहे. त्या शेजारधर्माला व्यवहार, सत्ता आणि जात यांचे अस्तर होते, हेही तितकेच सत्य आहे. पहिले सत्य सांगून दुसरे लपविले तर ज्या विद्यार्थ्याच्या घराचे नाव चौथ्या रकान्यात आहे, तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. दुसरे सांगून पहिले विसरले तर पिराच्या नावाने मुलांची नावे ठेवणारे पूर्वज आपल्याला समजणार नाहीत. मानाची यादी ओतूरच्या पाटलांनी एकदा बदलून दाखविली. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांनीही ती बदलली. म्हणजे ती अजून लिहून पुरी झालेली नाही.

प्रकल्पाचा छापील तक्ता आम्ही आता बदलला आहे. त्यात चार रकाने आहेत. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने त्यापुढे पाचवा आखून आणला : ‘यंदा नव्याने कोण आले’. तिच्या वहीत तो रकाना बराचसा कोरा होता. पण तीन ओळी भरलेल्या होत्या, आणि त्या तीन ओळींवर त्या दिवशी तासभर चर्चा झाली.